हळद आणि मूळपेशी एका बशीत कशा आल्या

‘गुडघ्यातलं वंगण संपलं’ असं आपण सर्रास म्हणतो. झिजते ती खरं तर हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा. तिला रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत, पेशीही विरळ. एकदा गेली की ती भरून येत नाही, हे विल्यम हंटर यांनी लंडनमध्ये 1743 सालीच लिहून ठेवलंय.

1959 मध्ये ब्रिस्टलच्या केनेथ प्रिडी यांनी कूर्चेखालच्या हाडाला भोकं पाडून मज्जेतलं रक्त वर आणायची युक्ती मांडली. खड्डा भरायचा, पण तंतुमय, कामचलाऊ मालाने. 1994 मध्ये स्वीडनमधून बातमी आली: रुग्णांच्याच कूर्चापेशी बाहेर वाढवून 23 जणांच्या गुडघ्यांत परत घातल्या होत्या. तोवर मज्जेतल्या मूळपेशींकडेही, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात त्यांच्याकडेही, लक्ष गेलं होतं. अर्नोल्ड कॅप्लन यांनी 1991 मध्ये त्यांना ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ म्हटलं, आणि 2017 मध्ये त्यांनीच सांगितलं की हे नाव बदला. या पेशी स्वतः कूर्चा होण्यापेक्षा शेजारच्या पेशींना निरोप देण्याचं काम जास्त करतात. नाव ठेवणाऱ्यानेच ते मागे घ्यायचं, असं विज्ञानात क्वचितच घडतं.

वनस्पतींची वाट वेगळी होती. तिथे प्रश्न दुखण्याचा होता. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी सुंठ, गुळवेल वगैरेंच्या अर्कांची ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या गुडघेदुखीवर दिल्या जाणाऱ्या औषधांशी तुलना केली. 440 रुग्णांची ही चाचणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. आराम त्यांच्या तोडीचा मिळाला. काहींच्या रक्तात यकृताची विकरं वाढली, हेही त्यांनी लपवलं नाही. पण दुखणं कमी होणं म्हणजे कूर्चा उगवणं नव्हे. जाहिरातींत नेमकी हीच गल्लत होते.

दोन्ही वाटा मिळाल्या त्या दाहापाशी. सुजलेल्या सांध्यात ‘एनएफ-कप्पा-बी’ नावाचा रेणू चेतलेला असतो आणि मूळपेशींना कूर्चेकडे वळू देत नाही. हळदीतल्या कर्क्युमिनने तो दबतो आणि पेशी पुन्हा त्या दिशेला लागतात, असं 2010 मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी दाखवलं. चीनमध्ये एपिमेडियम या वनस्पतीतल्या इकॅरिनवर असंच काम चाललंय.

मात्र हे काम प्रयोगशाळेतल्या बशीतलं, माणसाच्या गुडघ्यातलं नव्हे. पोटात घेतलेलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम उतरतं, सांध्यात त्याहून कमी. शिवाय मूळपेशींपासून बनलेल्या कूर्चेला फुगून हाड व्हायची खोड आहे. भारतात 2022 मध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी बंगळुरूच्या कंपनीच्या मूळपेशी-उपचाराला मंजुरी मिळाली. त्यात वनस्पतीचा अर्क नाही.