एकाच घरातले दोन गुडघे: कुर्चेच्या शस्त्रक्रियेमागचा इतिहास

सोयाबीनची सोंगणी आटोपली की यवतमाळ, वाशीमकडून नागपूरला जाणाऱ्या एसटीत मांडीवर एमआरआयची मोठी पिशवी घेतलेली माणसं दिसू लागतात. गावात कुणीतरी सांगितलेलं असतं, ‘वंगण संपलं, गॅप झाला, दुर्बिणीनं साफ करून घ्या.’ तिथे डॉक्टर कबड्डी खेळणाऱ्या पोराला ऑपरेशन सुचवतात आणि आयुष्यभर उकिडवं बसून निंदण केलेल्या त्याच्या आईला मात्र नको म्हणतात. घरच्यांना वाटतं, पैसे बघून बोलतात. तसं नाही. या शस्त्रक्रिया मुळात कोणत्या गुडघ्यासाठी निघाल्या, हे पाहिलं की गोष्ट स्पष्ट होते.

हाडांच्या टोकांवर दोन ते चार मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत पांढरा थर असतो, ती कुर्चा. तिच्यात ना रक्तवाहिनी, ना मज्जातंतू. म्हणून ती झिजताना सुरुवातीला दुखत नाही, आणि एकदा फाटली की जखमेसारखी भरूनही येत नाही. लंडनच्या विल्यम हंटर यांनी 1743 मध्येच लिहून ठेवलं की नष्ट झालेली कुर्चा परत येत नाही. पुढचा सगळा इतिहास या एका वाक्याशी घातलेल्या वादाचा आहे.

छोट्या चिरेतून सांध्यात घालून आत बघायची ही दुर्बीण आली जपानमधून. तिथेही आपल्यासारखंच जमिनीवर बसणं. क्षयानं गुडघा आखडला की माणसाचं उठणं-बसणंच संपायचं. आजार वेळेत ओळखता यावा म्हणून टोकियोच्या केन्जी ताकागी यांनी 1918 मध्ये मूत्राशय तपासायची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी पुढे खरोखर वापरता येईल अशी दुर्बीण बनवली आणि 1962 मध्ये तिच्या साहाय्यानं फाटलेल्या गादीचा तुकडा काढला. गादी म्हणजे गुडघ्यात दोन हाडांच्या मधली चकती. ती वेगळी, कुर्चा वेगळी. आपल्याकडे दोन्हींची सर्रास गल्लत होते.

कुर्चेसाठी पहिला चांगला डाव ब्रिस्टलच्या केनेथ प्रिडी यांनी 1959 मध्ये टाकला: उघड्या पडलेल्या हाडाला बारीक भोकं पाडायची, म्हणजे आतलं रक्त वर येऊन त्याचा थर धरेल. अमेरिकेच्या रिचर्ड स्टेडमन यांनी 1980 च्या दशकात हेच काम दुर्बिणीतून, टोकदार आरीनं, तीन-चार मिलिमीटरच्या अंतरानं छिद्रं करून केलं. हीच मायक्रोफ्रॅक्चर. स्वस्त आणि सोपी, म्हणून जगभर पसरली. पण जो थर येतो तो मूळ कुर्चेचा नसतो, त्याहून कमजोर, व्रणासारखा असतो. शिवाय बऱ्याचदा सहा आठवडे त्या पायावर भार टाकायचा नसतो. जूनमध्ये पेरणी तोंडावर असताना हे सांगणारा डॉक्टर आणि ऐकणारा शेतकरी, दोघंही एकमेकांकडे बघत राहतात.

हंगेरीच्या लास्लो हांगोडी यांनी 1992 पासून गुडघ्याच्या कमी भार पडणाऱ्या भागातून हाडासकट कुर्चेचे छोटे दंडगोल काढून खड्ड्यात बसवले. त्याआधीच, 1987 मध्ये, स्वीडनमधल्या गोथेनबर्गला लार्स पीटरसन आणि मॅट्स ब्रिटबर्ग यांच्या गटानं रुग्णाच्याच कुर्चेच्या पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवल्या आणि दुसऱ्या ऑपरेशनमध्ये परत सोडल्या. 1994 मध्ये त्यांनी 23 रुग्णांचा अहवाल दिला. मांडीच्या हाडावर खड्डा असलेल्या 16 पैकी 14 जणांना चांगला गुण आला, वाटीच्या 7 जणांपैकी फक्त दोघांना. म्हणजे खड्डा कुठे आहे, यावर फार काही अवलंबून होतं.

आणि हे सगळे खड्डेच होते. काही चौरस सेंटिमीटरचे, मारानं झालेले, भोवतालची कुर्चा शाबूत असलेल्या बहुधा तरुण गुडघ्यातले. मातीच्या मैदानावर चढाई करताना पाय रुतून गुडघा फिरलेल्या पोराचा गुडघा यात बसतो. त्याच्या आईच्या गुडघ्यात खड्डा नाही, सगळी जमीनच धुपली आहे. तिथे नवीन थराला धरायला काठ मिळत नाही.

तरीही अशा गुडघ्यांची दुर्बिणीनं ‘सफाई’ अनेक वर्षं जोरात चालली. अमेरिकेत ह्यूस्टनच्या ब्रूस मोझली यांनी 180 रुग्णांवर तिची परीक्षा घेतली. काहींना नुसत्या चिरा देऊन टाके घातले, आत काहीच केलं नाही. 2002 मध्ये निकाल आला: दोन वर्षांनंतरही सफाई झालेले आणि न झालेले, यांच्या दुखण्यात फरक नव्हता. वयानं झिजलेल्या गुडघ्याची सफाई नको म्हणणारा डॉक्टर याच पुराव्यावर उभा असतो, हे गावात कुणी समजावून सांगत नाही.

त्या आईसाठी व्यायाम, वजन आणि गोळ्यांपलीकडे दोन वाटा उरतात. पूर्ण झीज असेल तर सांधा बदलणं. 2017 मध्ये केंद्र सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातल्यापासून त्याचा खर्च थोडा आवाक्यात आला, पण सांधा बदलल्यावर उकिडवं बसायला सहसा मनाई असते. दुसरी वाट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि तिची चर्चा कमी होते. पाय धनुष्यासारखा बाहेरच्या बाजूला वाकलेला, झीज फक्त आतल्या बाजूला आणि वय फार नसेल, तर नडगीचं हाड कापून पाय सरळ करतात. 1960 च्या दशकात रूढ झालेली ही शस्त्रक्रिया कुर्चेला हातही लावत नाही, फक्त भार चांगल्या बाजूला सरकवते. तिला पेशींची प्रयोगशाळा लागत नाही, आणि हाड जुळल्यावर बऱ्याच जणांना पुन्हा शेतात काम करता येतं.