दुरुस्तीपूर्वी पाहणी : बांधकामातील दोषांबाबत आमच्या पक्षकारांसाठी

दर पावसाळ्यात सोसायट्यांचे पदाधिकारी गळतीची फाईल घेऊन आमच्याकडे येतात आणि त्यांतील बऱ्याच फायलींत वॉटरप्रूफिंगचे चुकते केलेले बिल सर्वांत वर लावलेले असते. पुढे सर्वाधिक वेळ खाते ते हेच बिल.

ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील वा कारागिरीतील दोष निदर्शनास आणून दिल्यास, रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्याच्या कलम १४(३) नुसार प्रवर्तकाने (म्हणजे बिल्डरने) तो विनामूल्य ३० दिवसांत दूर करायचा असतो, अन्यथा नुकसानभरपाई मागता येते, हे आपण जाणताच. मुदत ताब्यापासून मोजतात, सोसायटीच्या नोंदणीपासून नव्हे.

अडचण पुराव्याची आहे. गच्चीवर नवा थर चढल्यावर मूळ दोष स्लॅबमध्ये होता, पाईपच्या जोडात होता, की वरच्या रहिवाशाने बदललेल्या न्हाणीघराच्या फरशीखाली होता, हे अभियंत्यालाही खात्रीने सांगता येत नाही. वकिलीची पहिली कित्येक वर्षे मी विमा कंपन्यांच्या वतीने असे दावे लढवीत असे आणि समोरच्याला पहिला प्रश्न हाच विचारीत असे. त्याचे उत्तर क्वचितच मिळे. शिवाय, लेखी संमतीविना न्हाणीघरात वा नळजोडणीत फेरफार केल्यास प्रवर्तकाची दोषाची जबाबदारी संपते, असे कलम अनेक करारनाम्यांत असते. ते दर वेळी टिकते असे नाही, पण त्यावरील युक्तिवादात तारखा जातात.

आम्ही पहिल्याच दिवशी नोटीस पाठवीत नाही, म्हणून काही पक्षकार नाराज होतात. संरचना अभियंत्यासह पाहणी, ओलीची मोजणी आणि दिनांकासह छायाचित्रे झाल्याखेरीज नोटिशीत ‘इमारत गळते’ एवढेच लिहिता येते, आणि अशा नोटिशीला ‘देखभाल नीट नाही’ असे एका ओळीचे उत्तर येते. पाहणी भिंती ओल्या असतानाच व्हावी. दिवाळीनंतर भिंतीवर फक्त डाग उरतात. पाहणीचे शुल्क वेगळे आहे, हे आम्ही आधीच सांगतो. पाच वर्षे संपत आली असतील, तर मात्र नोटीस त्याच दिवशी जाते आणि पाहणी मागाहून होते.

छताचे प्लास्टर कोणाच्या अंगावर पडण्याची भीती असेल, तर आमची वाट पाहू नये. आधी छायाचित्रे घ्यावीत, प्रवर्तकाला ईमेलने कळवावे, धोक्यापुरतीच दुरुस्ती करावी आणि निघालेले तुकडे पिशवीत तारीख घालून ठेवावेत. इमारतीचा विमा असल्यास कंपनीलाही त्याच दिवशी कळवावे, कारण सर्व्हेअरला जे दिसले नाही, ते त्याच्या अहवालात येत नाही.

बार कौन्सिलच्या नियमांनुसार आम्हाला जाहिरात करता येत नाही, त्यामुळे हे पत्रक केवळ आमच्या विद्यमान पक्षकारांसाठी आहे. येताना ताबापत्र, नोंदणीकृत करारनामा आणि प्रवर्तकाशी झालेला सर्व पत्रव्यवहार आणावा. व्हॉट्सॲपवरील तक्रारी असल्यास त्यांची छापील प्रत आणावी. दुरुस्तीचे दरपत्रक घेतले असेल तर तेही आणावे, मात्र त्यावर सही केलेली नसावी.