नेटवर्कवरील उपकरणांचा शोध आणि नकाशा

घरातल्या किंवा छोट्या ऑफिसातल्या नेटवर्कला काय काय जोडलेले आहे ते हुडकून काढणे आणि कोणते उपकरण कुठल्या वायरने कशाला जोडले आहे याचा आराखडा करणे. शोध मशीन घेते. नकाशा माणसाला करावा लागतो, आणि तोच बहुतेक ठिकाणी राहून जातो.

नागपुरात याची गरज कळते ती बहुधा उन्हाळ्यात. धरमपेठेतल्या एखाद्या सीएच्या ऑफिसात भर दुपारी लाइन जाते, परत येते, राऊटर नव्याने सुरू होतो आणि प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसू लागतो. प्रिंटर धडधाकट असतो. राऊटर डीएचसीपी या आपोआप चालणाऱ्या पद्धतीने आयपी पत्ते, म्हणजे उपकरणांचे नेटवर्कवरचे क्रमांक, वाटतो आणि काही राऊटर बंद पडले की आधीचे वाटप विसरतात. प्रिंटरला १९२.१६८.१.२० ऐवजी १९२.१६८.१.२३ मिळतो, संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतात. प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारी पेटी) आणि हिशेबाचा मुख्य संगणक यांचे पत्ते राऊटरमध्ये कायमचे राखून ठेवावेत.

शोधाची सुरुवात राऊटरमधल्या यादीपासून करावी. तिच्यापेक्षा भरवशाची पद्धत एआरपी (१९८२), म्हणजे आयपी पत्त्यावरून उपकरण शोधण्याची पद्धत. “हा पत्ता कोणाचा?” अशी हाक सगळ्या नेटवर्कला जाते आणि ज्याचा पत्ता असेल ते उपकरण आपला मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाच्या नेटवर्क जोडणीचा स्वतःचा क्रमांक, कळवते. फायरवॉलमुळे (बाहेरून येणारे संदेश अडवणारी व्यवस्था) पिंगला, म्हणजे “आहेस का?” या चाचणी संदेशाला, उत्तर न देणारा संगणकही इथे सहसा सापडतो. गॉर्डन लायन यांचे एनमॅप हे सॉफ्टवेअर (१९९७) नेहमीच्या घरगुती नेटवर्कमधले २५४ पत्ते असे काही सेकंदांत तपासते. ४८ बिटांच्या मॅक पत्त्यातले पहिले २४ बिट सहसा उत्पादक सांगतात. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासूनचे फोन मात्र बनावट मॅक पत्ता वापरू शकतात. मॅक पत्ता ० ते ९ आणि ए ते एफ अशा अंकांत लिहितात; त्यातला दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल, तर कंपनी शोधत बसू नये.

यादीत न दिसणाऱ्या गोष्टी जास्त त्रास देतात. टेबलाखालच्या साध्या स्विचला (अनेक केबल एकत्र जोडणारी पेटी) स्वतःचा पत्ताच नसतो. महाल भागातल्या जुन्या वाड्यात जाड भिंतींमुळे मागच्या खोलीसाठी दुसरा राऊटर लावला, की त्याच्या मागचे टीव्ही, फोन, कॅमेरे पुढच्या राऊटरला एकच उपकरण म्हणून दिसतात. त्या दुसऱ्या राऊटरला ॲक्सेस पॉइंट केले, म्हणजे स्वतः पत्ते न वाटता फक्त वाय-फाय पुढे पोचवायला लावले, की सगळी एकाच यादीत येतात.

वायरींचा माग काढायचा तर काम संपल्यावर एकेक केबल उपसावी, स्विचवरचा कोणता दिवा विझतो ते पाहावे आणि दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवावा. कंटाळवाणे काम आहे, पण त्याला पर्याय नाही. नकाशावर तारीख घालून तो राऊटरपाशीच लावावा.

शेजाऱ्याचे किंवा दुसऱ्या दुकानाचे नेटवर्क विचारल्याशिवाय तपासू नये. परवानगीविना त्यात शिरणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली येते.