टायटॅनियमला पोलादाचा हिशेब चालत नाही

लालबुंद पोलाद पाण्यात बुडवलं की कडक होतं. टायटॅनियमचं तसं नाही. भट्टीतून काढून थेट पाण्यात टाकलेला तुकडा फारसा कडक झालेला नसतो. पोलादात कार्बनचे अणू लोखंडाच्या अणूंमधल्या फटींत अडकून त्यांची जाळी ताणतात. इथे मिसळलेले ॲल्युमिनियम, व्हॅनेडियम हे टायटॅनियमच्या अणूंच्याच जागा घेतात, त्यामुळे तेवढा ताण येत नाही.

शुद्ध टायटॅनियमची अणुरचना ८८२ अंश सेल्सिअसला बदलते: खाली षटकोनी ‘अल्फा’, वर घनाकृती ‘बीटा’. ॲल्युमिनियम अल्फाची बाजू घेतं, तर व्हॅनेडियम आणि मॉलिब्डेनम बीटाला थंडपणीही टिकवून धरतात. सर्वाधिक खपाच्या मिश्रधातूत ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं, म्हणून तिच्यात दोन्ही नांदतात. पूर्ण बीटा व्हायला तिला सुमारे ९९५ अंश लागतात.

ही मिश्रधातू ९५५ अंशांच्या आसपास तापवून झटकन पाण्यात विझवली की उष्ण अवस्थेतली रचना अर्धवट गोठते. मग ५४० अंशांच्या आसपास काही तास ठेवायची. या ‘एजिंग’मध्ये बीटातून अल्फाचे अतिसूक्ष्म कण सुटतात आणि ताणशक्ती साधारण ९०० मेगापास्कलवरून ११०० च्या पुढे जाते. अडचण जाडीची. टायटॅनियम उष्णतेचं वाहक म्हणून अगदीच सुमार. २५ मिलिमीटरहून जाड भागाचा गाभा वेळेत थंडच होत नाही. म्हणून मोठे भाग बहुधा नुसते ॲनिल करूनच (तापवून सावकाश थंड करूनच) वापरतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

९९५ च्या वर नेऊन सावकाश थंड केलं, तर अल्फाच्या पट्ट्या टोपलीच्या विणीसारख्या गुंततात. तडा गेलाच तर त्याला वाकडंतिकडं जावं लागतं, म्हणजे चिवटपणा वाढतो. पण वारंवार ताण सोसताना तडा मुळात पडू नये, ही अपेक्षा असेल तर बारीक, गोलसर कणांची रचना बरी. दोन्ही एकदम मिळत नाही.

ऑक्सिजनचं प्रकरण सगळ्यात चमत्कारिक. ‘शुद्ध’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्रेड १ मध्ये तो जास्तीत जास्त ०.१८ टक्के, ग्रेड ४ मध्ये ०.४० टक्के, मुख्यतः एवढ्याशा फरकाने किमान ताणशक्ती २४० वरून ५५० मेगापास्कलवर जाते. हाच ऑक्सिजन उघड्या भट्टीतल्या हवेतून शिरला, की पृष्ठभागावर ‘अल्फा केस’ नावाचा ठिसूळ थर धरतो आणि तडे तिथूनच सुरू होतात. त्यामुळे एकतर निर्वात भट्टी वापरायची, नाहीतर तो थर आम्लात विरघळवून काढायचा. त्या वेळी आम्लातला हायड्रोजन धातूत शिरू नये याची काळजी वेगळीच.