क्लच, फावड्याचा दांडा आणि मासळीचा ताणकाटा

मे महिन्यात आंब्याच्या पेट्या घेऊन फोंडाघाट चढत होतो. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनाचा आवाज चढला, पण गाडी होती त्याच वेगाने सरपटत राहिली. पाठोपाठ जळका वास. क्लच प्लेट संपली होती. कशीबशी देवगडला परत आणली आणि चुलतभावाला म्हटलं, पावसाच्या आत आपणच खळ्यात बदलू.

इंजिनाच्या टोकाला जड फ्लायव्हील फिरत असतं. त्यावर बोल्टांनी बसवलेली प्रेशर प्लेट. या दोघांच्या मध्ये, दोन तळहातांत भाकरी धरावी तशी क्लच प्लेट दाबलेली असते आणि तिच्यातूनच इंजिनाचं फिरणं गिअरबॉक्सच्या शाफ्टला मिळतं. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटं आत ढकलतं आणि पकड सुटते. सगळा खेळ घर्षणाचा.

ही पकड किती असते? लहान गाडीचे ढोबळ आकडे घेऊ. घर्षणांक (पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात त्याचं माप) 0.3, स्प्रिंगचा दाब 3500 न्यूटन म्हणजे सुमारे 350 किलोचा भार, प्लेटची सरासरी त्रिज्या साडेसात सेंटिमीटर. तिन्हींचा गुणाकार करायचा आणि प्लेट दोन्ही बाजूंनी घासते म्हणून दुप्पट करायची. उत्तर येतं साधारण 157 न्यूटन-मीटर. लहान पेट्रोल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, 100 च्या आसपास, म्हणजे हाताशी बरीच शिल्लक. आता प्लेटला तेल लागलं आणि घर्षणांक 0.1 वर आला असं धरा. पकड उरते 52. इंजिन फिरत राहणार, चाकं मागे पडणार. म्हणूनच नवी प्लेट तेलकट हाताने धरायची नाही आणि फ्लायव्हील रॉकेलने पुसायचं नाही, कारण रॉकेल मागे पातळ तेलकट थर सोडतं. आम्ही थिनर वापरला. आतली काळी धूळ फुंकली नाही, ओल्या फडक्याने टिपली. जुन्या प्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात जाऊन बसतं.

खरी मेख पुढे आहे. प्रेशर प्लेट आवळली की मधली प्लेट जिथे असेल तिथेच जखडते. ती दोन मिलिमीटर जरी खाली सरकलेली राहिली, तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्या खाचांतून आरपार जात नाही. गॅरेजमध्ये यासाठी सेंटर करायचा खास दांडा असतो. त्याचं काम एवढंच, की प्लेटचं भोक आणि फ्लायव्हीलच्या मधलं छोटं बेअरिंग एका रेषेत धरायचं. मोडक्या फावड्याचा दांडा घेतला, टोक कोयतीने तासलं, पॉलिश पेपरने घासून बेअरिंगमध्ये सैल न राहता बसेल एवढं केलं. वर प्लेटच्या भोकात घट्ट होईपर्यंत काळी टेप गुंडाळली. भाऊ एक डोळा मिटून बघत होता. “सरळ धर रे, वाकडी बसली तर गिअरबॉक्स आत जावचो नाय.”

बोल्ट आवळायचे ते समोरासमोरचे, आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा. एकाच बाजूचे आधी आवळले तर प्रेशर प्लेटचं कव्हर वाकतं आणि क्लच थरथरतो. पुस्तकात आकडा होता 23 न्यूटन-मीटर, आणि टॉर्क पाना आमच्याकडे नव्हता. पण टॉर्क म्हणजे बल गुणिले अंतर. शेजारच्या मावशींकडून सुरमई तोलायचा ताणकाटा आणला, बोल्टच्या मध्यापासून बरोबर 25 सेंटिमीटरवर पान्याला अडकवला आणि काटकोनात ओढला. काट्यावर साडेनऊ किलोच्या जरा आत आलं की झाले 23. मात्र तुमच्या गाडीचा आकडा तुमच्याच पुस्तकातून घ्या.

एका गोष्टीला मात्र पर्याय शोधू नका. खळ्याच्या कडेला जांभ्याच्या चिऱ्यांची रास होती, आणि गाडी त्यावर टेकवायचा मोह झाला. जांभा घराच्या पायाला उत्तम, कारण तिथे भार सपाट पसरतो. गाडीखाली तो एका टोकावर येतो आणि छिद्राळ दगड न कुरकुरता फुटतो. नुसत्या जॅकवर तर गाडीखाली डोकं घालायचंच नाही. आम्ही लोखंडी घोड्या मागून आणल्या. गिअरबॉक्स निघाल्यावर इंजिन एका बाजूला लटकतं; त्यासाठी बॉनेटच्या तोंडावर आडवा वासा टाकून ते दोराने बांधलं.

किनाऱ्यावरच्या माणसाने शाफ्टच्या खाचा जरूर पाहाव्यात. खारी हवा तिथे तांबेरा धरते, मग पेडल दाबूनही प्लेट मोकळी सरकत नाही आणि गिअर खरखरतो. आमच्या खाचा लाल झाल्या होत्या. तारेच्या ब्रशने घासल्या, बोटाच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस लावलं. जास्त लावलं तर फिरताना उडून प्लेटवर जातं, मग पुन्हा ते 52.

संध्याकाळी दोघांनी गिअरबॉक्स उचलून शाफ्ट भोकाशी लावला. आधी अडला. भावाने चाकाकडचा ॲक्सलचा भाग हाताने जरा फिरवला, खाचा जुळल्या आणि गिअरबॉक्स सरकत इंजिनाला जाऊन टेकला.