कप्प्यातलं सोनं

सराफकट्ट्यावरचा केरही पूर्वी विकला जायचा. झारेकरी तो धुऊन सोन्याचे कण काढायचे. आज तोच धंदा जुन्या मोबाइलच्या सर्किट बोर्डांवर चालतो, फक्त पाण्याच्या जागी ॲसिड आलंय.

मोबाइलमध्ये सोनं कशाला? तर ते गंजत नाही म्हणून. तांब्यावर हवेने थर चढतो आणि नाजूक जोडांमधून जाणारा क्षीण विद्युतप्रवाह तेवढ्यानेही अडू शकतो. म्हणून त्यांच्यावर सोन्याचा मुलामा. एका फोनमध्ये ते भरतं फार तर तीसेक मिलिग्रॅम. त्यात नथीचा फासाही व्हायचा नाही. पण टनभर जुने फोन घेतले तर हिशेब फिरतो. खाणीतल्या टनभर दगडातून पाच-सात ग्रॅम सोनं निघालं तरी खाण चांगली म्हणतात. फोनमधून त्याच्या कितीतरी पट निघतं. टोकियो ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकची सुमारे ५००० पदकं जपानने अशीच घडवली. लोकांनी दिलेल्या उपकरणांतून, ज्यात ६२ लाख मोबाइल होते, ३२ किलो सोनं निघालं.

दिल्लीच्या सीलमपूरमध्ये हेच काम गल्लीबोळांत होतं. बोर्ड तापवून डाख वितळवायचा, सुटे भाग उपटायचे, उरलेलं ॲसिडच्या पिंपात. नायट्रिक ॲसिडमध्ये तांबं विरघळतं, सोनं नाही. त्याचे पापुद्रे सुटे होतात. वर येणारा तांबूस धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा, फुप्फुसं जाळणारा. जुन्या डाखात शिसं असतं आणि ते लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालतं. तांब्यासाठी वायरी जाळल्या की प्लास्टिकमधून डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं निघतात. निळं-हिरवं पाणी जातं गटारात.

२०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला. त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांच्या रीतसर पुनर्चक्रणाची नोंद आहे.

आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू झाले. त्यांत नोंदणी चौघांची: वस्तू बनवणारा, ती आपल्या नावाने विकणारा, जुनी दुरुस्त करून विकणारा आणि पुनर्चक्रण करणारा. हाळी देत दारापर्यंत येणारा भंगारवाला या चौघांत नाही. खरं तर त्याच्याइतकं घरोघरी पोचलेलं जाळं कुठल्या कंपनीकडे आहे? त्याच्याकडून गोळा करण्याचं काम काढून घेण्यात मला शहाणपण दिसत नाही. बोर्ड न फोडता अख्खा कारखान्यात पोचवला, तर ॲसिडवाल्यापेक्षा चार पैसे जास्त त्याच्या हातात पडायला हवेत.