गर्भारपण व नवजात आरोग्यातील वांशिक विषमता (अमेरिका)

एकाच देशात, कित्येकदा एकाच रुग्णालयात बाळंत होणाऱ्या स्त्रियांच्या व त्यांच्या बाळांच्या जिवाला असलेला धोका वंशागणिक कमीजास्त असतो. त्या तफावतीला ही संज्ञा आहे. अमेरिकेत २०२३ साली दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता गर्भारपणात किंवा बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत दगावल्या. गोऱ्या मातांमध्ये हा दर १४.५ होता. वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाणही कृष्णवर्णीयांत दुपटीहून अधिक असते. त्यांच्यात साधारण सातांतले एक मूल दिवस भरण्याआधीच जन्मते.

याला गरिबी कारण असावी, असे आधी वाटते. पण २००७ ते २०१६ या काळातील मृत्यू (प्रसूतीनंतरचे पूर्ण वर्ष धरून) तपासले तेव्हा पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांचा मृत्युदर शाळाही पूर्ण न केलेल्या गोऱ्या स्त्रियांच्या १.६ पट निघाला.

मग दोष रक्तातच आहे का? रिचर्ड डेव्हिड व जेम्स कॉलिन्स या डॉक्टरांनी इलिनॉय राज्यातल्या जन्मनोंदी चाळून १९९७ मध्ये याचे उत्तर दिले. गोऱ्या अमेरिकी मातांच्या बाळांचे सरासरी वजन ३,४४६ ग्रॅम होते. आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या मातांची बाळे ३,३३३ ग्रॅमची, म्हणजे गोऱ्यांच्या जवळपास. अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांची मात्र ३,०८९ ग्रॅमची. कारण आनुवंशिक असते, तर आफ्रिकेतून थेट आलेल्यांची बाळे सर्वांत हलकी भरायला हवी होती. वजन घटवते ते त्या देशात कृष्णवर्णीय म्हणून वाढणे, असाच याचा अर्थ निघतो. सार्वजनिक आरोग्याच्या संशोधक आर्लिन जेरोनिमस यांनी त्याआधीच, १९९२ मध्ये, भेदभावाच्या सततच्या ताणाने शरीर अकाली झिजते, अशी मांडणी केली होती. उच्च रक्तदाब आणि प्रसूतीच्या आगेमागे हृदयाचे स्नायू दुबळे होणे, ही कृष्णवर्णीय मातांच्या मृत्यूंमागची ठळक कारणे त्या मांडणीशी जुळतात.

दुसरा धागा दवाखान्यातला. टेनिसपटू सेरेना विल्यम्सला २०१७ मध्ये सिझेरियननंतर दुसऱ्याच दिवशी धाप लागली. फुप्फुसात रक्ताच्या गाठी होण्याचा त्रास तिला पूर्वी झालेला होता. म्हणून सीटी स्कॅन करा आणि रक्त पातळ करणारे औषध द्या, असे तिने स्वतःच सांगितले. वेदनाशामकांमुळे ही भ्रमात बोलतेय, असे परिचारिकेला वाटले. आधी पायांची सोनोग्राफी झाली, त्यात काही सापडले नाही. मग स्कॅन केला, तर गाठी होत्याच. जगप्रसिद्ध बाळंतिणीची ही कथा, तर इतरांचे काय होत असेल?

उपायांत मेडिकेड या सरकारी विम्याचे संरक्षण प्रसूतीनंतर ६० दिवसांऐवजी वर्षभर देण्याची सवलत राज्यांना २०२२ पासून मिळाली. बहुतेकांनी ती घेतली आहे.

सरकारी तक्त्यांत भारतीय स्त्रिया ‘आशियाई’ या रकान्यात येतात. तिथला मातामृत्युदर कमी दिसतो. पण गर्भारपणातला मधुमेह भारतीय स्त्रियांत गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळतो, आणि शिक्षण-उत्पन्न चांगले असूनही त्यांची बाळे हलकी असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली सरासरी २.७ किलोची नवजात बाळे इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या ३.५ किलोच्या बाळांशी ताडून पाहिली होती. पुण्याकडची बाळे हाडामांसाने किरकोळ होती, पण त्वचेखालची चरबी त्यामानाने टिकून होती. चिनी, फिलिपिनो, भारतीय अशा सगळ्यांना एकाच रकान्यात कोंबले की असे बारकावे तक्त्यात दिसत नाहीत.